डेंग्यू की लेप्टो? ताप सारखा, पाणी वेगळं

जुलै-ऑगस्टमध्ये अचानक थंडी वाजून ताप चढतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं की प्लेटलेट उतरलेल्या. मग घरात, शेजारीपाजारी, व्हॉट्सॲप ग्रुपवर निदान होऊन जातं: डेंग्यू. अनेकदा ते बरोबरही निघतं. पण प्लेटलेट लेप्टोस्पायरोसिसमध्ये, म्हणजे लेप्टोतही उतरतात. तिथे डेंग्यू समजून आपण पपईच्या पानांचा रस पाजत बसलो, तर औषधाचा खरा उपयोग होण्याचे दिवस हातचे जातात. डेंग्यूच्या विषाणूवर थेट औषध नाही. लेप्टोच्या जिवाणूवर आहे, ते स्वस्त आहे आणि जुनं आहे. एवढ्यासाठी तरी हा फरक घरोघरी माहीत असायला हवा.

दोन्ही आजारांचं मूळ पावसाळ्यातल्या पाण्यात आहे, पण ते पाणी एक नव्हे.

डेंग्यूचा एडिस डास गटारापेक्षा घरातलं स्वच्छ, साचलेलं पाणी पसंत करतो. कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, फ्रीजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, झाकण नीट न बसणारं पिंप. एकदा असं पिंप रिकामं करून आतून बॅटरी मारून पाहा. पाण्याची पातळी जिथे होती तिच्या किंचित वर, भिंतीला चिकटलेले बारीक काळे ठिपके दिसले तर ती अंडी असू शकतात. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात आणि पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतून खसाखसा घासावं लागतं. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं, ते याच हिशेबाने.

लेप्टोचं पाणी दाराबाहेरचं. उंदीर, घुशी, कुत्री, गुरं यांच्या मुतातून हा जिवाणू बाहेर पडतो आणि ओल्या मातीत, तुंबलेल्या पाण्यात कित्येक दिवस, कधी आठवडे टिकून राहतो. पायाला भेग असेल, चपलेने सोललं असेल, पाण्यात तासन्‌तास राहून कातडी भिजून मऊ झाली असेल, तर तिथून तो शरीरात शिरतो. डोळ्यांतून, नाका-तोंडातूनही शिरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लाखो लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले आणि ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोची साथ आली.

पण याला शहराचा आजार समजणं चुकीचं. सिंधुदुर्गात तो भातखाचरात भेटतो. चिखलणीला बैल उतरतात, बांधाच्या बिळांत उंदीर असतात आणि लावणीला बाया-माणसं दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभी राहतात. त्यांना गमबूट घाला असं सांगणं सोपं आहे. गाळात रुतलेला गमबूट उपसत तरवा लावून दाखवा म्हटलं, तर सांगणारा गप्प होईल. त्यापेक्षा जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, शेतातून आल्याबरोबर साबणाने पाय धुणं आणि हंगामात डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्याला डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी, हे झेपण्यासारखं आहे.

आता ताप आल्यावरचं. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखतं, सांधे-हाडं ठणकतात, काही दिवसांनी अंगावर लालसर पुरळ येतो. लेप्टोत पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. डोळे लालभडक होतात, पण डोळे आल्यावर येतो तसा चिकटा येत नाही. पुढे डोळे-कातडी पिवळी पडणं, लघवी कमी होणं ही यकृत आणि मूत्रपिंडाला झळ पोहोचल्याची लक्षणं. अर्थात प्रत्येकात सगळं दिसतंच असं नाही, आणि एकाच माणसाला दोन्ही आजार एकदम झाल्याचंही डॉक्टरांना आढळतं.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये आपण प्लेटलेटच्या ओळीवर फार अडकतो. दोन्हीकडे तीच ओळ खाली येत असेल तर ती फरक काय सांगणार? तिच्याच आसपास पांढऱ्या पेशींची ओळ असते. डेंग्यूत त्या बहुधा कमी होतात, लेप्टोत नेहमीएवढ्या किंवा वाढलेल्या असतात. मूत्रपिंडाची हालत सांगणारं क्रिएटिनिन आणि काविळीत वाढणारं बिलिरुबिन सुरुवातीपासूनच चढलेलं दिसलं तर संशय लेप्टोकडे वळतो. डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस१ चाचणी तापाच्या पहिल्या ५ दिवसांत उपयोगी. लेप्टोविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम चाचणी मात्र पहिल्या आठवड्यात अनेकदा निगेटिव्हच येते. त्यामुळे लेप्टोचा दाट संशय असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात: साध्या आजारात डॉक्सिसायक्लिन, गंभीर असेल तर पेनिसिलिन किंवा सेफट्रायॅक्सोनची इंजेक्शनं.

तो संशय यायला मात्र डॉक्टरांना एक गोष्ट कळावी लागते आणि ती फक्त रुग्ण सांगू शकतो. डास चावले का, याचं उत्तर पावसाळ्यात सगळ्यांचंच ‘हो’ असतं. गेल्या महिनाभरात पाय कुठल्या पाण्यात होते, ते सांगा. डेंग्यूचा ताप डास चावल्यापासून ४ ते १० दिवसांनी येतो. लेप्टोचा बहुधा ५ ते १४ दिवसांनी, क्वचित महिन्याने. स्टेशनबाहेर घोटाभर पाण्यातून चालल्याचं तोवर आपण विसरलेलो असतो. गोठा साफ केला, विहीर उपसली, नाल्यात उतरलो, हेही विचारण्याची वाट न पाहता सांगावं.

घरी तापासाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूचा खरा धोका ताप उतरताना असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो. पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, अस्वस्थपणा यातलं काहीही दिसलं की त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी धावाधाव आपण फार करतो. रक्तस्राव नसेल तर साधारण १०,००० च्या खाली गेल्याशिवाय त्या चढवायची सहसा गरज नसते. डेंग्यूचा रुग्ण वाचतो तो वेळेवर आणि मोजून दिलेल्या द्रवाने. लेप्टोतही ताप एकदा उतरून पुन्हा चढू शकतो, आणि कावीळ व लघवी कमी होणं त्या दुसऱ्या फेरीत दिसू शकतं.

लेप्टोच्या रुग्णाला वेगळं ठेवायची गरज नाही, तो माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. डेंग्यूच्या रुग्णाला मात्र तापाच्या दिवसांत भरदिवसाही मच्छरदाणीत झोपवा. एडिस दिवसा चावतो आणि रुग्णाला चावलेला डास काही दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला ताप देतो. तुंबलेल्या पाण्यातून चालून आला असाल, विशेषतः पायाला जखम असताना, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते विचारा. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालच्या मुलांसाठी औषध वेगळं असतं, त्यामुळे घरात उरलेली डॉक्सिसायक्लिन परस्पर त्यांना देऊ नका.