जिथे गाव नाही, तिथला वाटाड्या

पावसाळा सरताना राजगड उतरून घरी आलं की पहिलं काम ठरलेलं असतं: ओट्यावर बसून मोज्यांत रुतलेली कुसळं एकेक करून उपटायची. अंटार्क्टिकाला निघालेल्या जहाजावर हेच काम प्रत्येक प्रवाशाला करावं लागतं, तेही किनाऱ्यावर पाऊल ठेवण्याआधी. बुटांच्या खाचा, बॅगेच्या शिवणी, जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी चिमट्याने टिपायचं आणि बूट जंतुनाशकात बुडवायचे. शेजारी उभं राहून हे नीट करून घेणारा असतो निसर्ग-गाइड. वेताळ टेकडीवर माझ्यासोबत पक्षी बघायला येणाऱ्या मुलामुलींपैकी कुणीतरी हल्ली हमखास विचारतं, ‘ध्रुवावर गाइड व्हायला काय शिकावं लागतं?’ उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

सह्याद्रीत अनोळखी घाटवाट उतरायची असेल तर आपण जवळच्या गावातून वाटाड्या घेतो. आर्क्टिकमध्येही तीच रीत होती. ग्रीनलंडचा तरुण शिकारी हान्स हेन्ड्रिक 1853 मध्ये एलिशा केनच्या अमेरिकन मोहिमेत गेला आणि पुढे अनेक मोहिमांना त्याचाच आधार होता. नॉर्वेचा शोधप्रवासी अमुंडसेन 1903 ते 1905 कॅनडाच्या उत्तरेतल्या किंग विल्यम बेटावर राहिला, तेव्हा कातड्याचे कपडे कसे घालायचे, कुत्री कशी हाकायची हे तो तिथल्या नेत्सिलिक इनुइट लोकांकडून शिकला. ती शिदोरी घेऊनच 14 डिसेंबर 1911 ला त्याने दक्षिण ध्रुव गाठला.

अंटार्क्टिकात मात्र गावच नाही. मग वाटाड्या आणणार कुठून?

लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन माणसाने 1966 मध्ये पहिल्यांदा प्रवाशांचा गट तिथे नेला आणि 1969 मध्ये खास अशा सफरींसाठी बांधलेलं जहाज पाण्यात उतरवलं. वाटाड्याच्या जागी त्याने जाणकार बसवले. पक्षीतज्ज्ञ रॉजर टोरी पीटरसन, निसर्ग-संरक्षक पीटर स्कॉट अशी माणसं त्या जहाजावर असत. प्रवासी रबरी झोडियाक बोटीतून किनाऱ्यावर जायचे आणि ही मंडळी सोबत चालत, दाखवत, सांगत. ध्रुवीय गाइडचा आजचा साचा तिथेच पडला असं मला वाटतं.

पण जाणकार असणं पुरेसं असतं का? 28 नोव्हेंबर 1979 ला एअर न्यूझीलंडचं प्रवाशांना अंटार्क्टिका दाखवणारं विमान एरेबस पर्वतावर आदळलं आणि 257 माणसं गेली. प्रवाशांना माहिती सांगायला त्या दिवशी एडमंड हिलरी जाणार होते. त्यांना जमलं नाही, म्हणून त्यांचे स्नेही पीटर मुलग्रू गेले. हिलरींच्या 1957-58 च्या अंटार्क्टिका मोहिमेत हेच मुलग्रू होते. विमानाच्या मार्गाचे आकडे वैमानिकांना न कळवता बदलले गेले होते आणि वर पांढरे ढग, खाली पांढरा बर्फ, त्यामुळे समोरचा डोंगर दिसलाच नाही. तो मुलूख पायी तुडवलेला माणूस विमानात होता, तरीही. हा प्रसंग मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

खरं वळण 1991 चं. त्या वर्षी अंटार्क्टिकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराला जोडलेल्या पर्यावरण-संरक्षण करारावर माद्रिदला सह्या झाल्या आणि 7 पर्यटन कंपन्यांनी मिळून आयएएटीओ ही संघटना काढली. नियम असे: एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त प्रवासी उतरवायचे नाहीत. जहाजावर 500 पेक्षा जास्त प्रवासी असतील तर कुणालाच उतरवायचं नाही. साधारण 20 माणसांमागे 1 गाइड हवाच. तेव्हा हंगामाला जेमतेम साडेसहा हजार पर्यटक जात, आता तो आकडा 1 लाखापुढे गेला आहे. पूर्वी वाटाड्या माणसाला पुढे न्यायचा. आताच्या गाइडचं निम्मं काम माणसाला थांबवण्याचं आहे. पेंग्विनच्या वाटेत उभं राहायचं नाही, मागे सरून त्याला जाऊ द्यायचं. आणि कुसळांचं म्हणाल, तर पोआ ॲन्युआ हे बाहेरचं गवत अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर पोलिश तळाजवळ 1985-86 मध्ये सापडलं. ते अजून पुरतं हटलेलं नाही.

उत्तरेत धोका वेगळा. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवर, लाँगइयरबीन गावात, नॉर्वेच्या विद्यापीठाचा एक वर्षाचा आर्क्टिक निसर्ग-गाइड अभ्यासक्रम चालतो. हिमनदीवर दोराने चालणं, भेगेत पडलेल्याला काढणं, हिमस्खलन, स्नोमोबाइल, प्रथमोपचार, शिवाय तिथला निसर्ग आणि इतिहास. वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ ठेवावं लागतं आणि सहसा बंदूकही असते. ती न वापरता गट सुखरूप परत आणणं हेच कसब. 2025 पासून तिथे अस्वलापासून 300 मीटर, तर मार्च ते जून 500 मीटर अंतर ठेवणं बंधनकारक आहे.

आपल्याकडे ध्रुवाची वाट विज्ञानातून गेली. पुणे विद्यापीठात शिकलेल्या अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या, भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या पहिल्या महिला. आजही मोहिमेतल्या माणसांना आधी औलीला बर्फावर तयार करतात. पर्यटन-गाइडला तशी सरकारी वाट नाही. म्हणून विचारणाऱ्याला मी सांगतो: दोराचं काम आणि दुर्गम भागातले प्रथमोपचार इथेच, सह्याद्रीत शिकून घे. पक्ष्यापासून किती लांब थांबायचं हे टेकडीवर शिक. बोट आणि बर्फ मात्र तिथे जाऊनच शिकावे लागतील.