तोंडपाठ उत्तर ऐन मुलाखतीत कुठे जातं?

माणसाला प्रयोगशाळेत हमखास ताण यावा यासाठी काय करावं? जर्मनीतल्या ट्रीअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली यावर एक चाचणी प्रसिद्ध केली. ती म्हणजे चक्क नोकरीची मुलाखत! तयारीला दहा मिनिटं. मग अनोळखी परीक्षकांसमोर उभं राहून, कॅमेरा चालू असताना, आपण या नोकरीला कसे योग्य आहोत ते पाच मिनिटं सांगायचं. परीक्षक ना हसतात, ना मान डोलावतात. त्यानंतर पाच मिनिटं १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत जायचं. चुकलात की पुन्हा १०२२ पासून. नोकरी खोटी आहे हे ठाऊक असूनही बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक चांगलंच वाढतं. ताणाच्या अभ्यासात ही चाचणी आजही जगभर वापरली जाते.

त्यामुळे पहिल्याच मुलाखतीला जाणाऱ्याचे तळहात घामेजले, तर तो कच्चा आहे असं मुळीच समजू नये. कोणीतरी आपल्याला जोखतंय आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की शरीर असंच वागतं.

खरी अडचण आठवणीची आहे. कॉर्टिसॉल मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणी सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचतं आणि साठवलेली माहिती वर काढण्याच्या कामात अडथळा आणतं. रात्री वाचलेलं उत्तर पुसलं गेलेलं नसतं, ते त्या क्षणी हाती लागत नाही. मुलाखत संपवून जिना उतरताना तेच उत्तर धडाधड आठवतं, हा अनुभव कित्येकांना येतो.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात यावर एक सुंदर प्रयोग झाला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. १२० जणांना ३० शब्द किंवा ३० चित्रं लक्षात ठेवायला दिली. निम्म्यांनी यादी पुन्हा पुन्हा वाचली. उरलेल्यांनी ती बाजूला ठेवून आठवेल तेवढं आठवलं. दुसऱ्या दिवशी काहींना परीक्षकांसमोर बोलायला आणि गणितं करायला लावून ताण दिला. ताणाखाली, वाचणाऱ्यांना सरासरी सातच्या आसपास गोष्टी आठवल्या, तर आठवून सराव करणाऱ्यांना अकराच्या आसपास. ताण नसताना आठवणाऱ्यांचा आकडा दहाच्या घरात होता. म्हणजे ताणाने त्यांचं काही बिघडलंच नाही.

मुलाखतीच्या तयारीत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. उत्तरं लिहून वाचत बसू नका. कागद उपडा ठेवा आणि मोठ्याने बोला. अडखळलात तरी लगेच कागद उलटू नका. आठवायला जी धडपड करावी लागते, तीच आठवण घट्ट करते. एकाच रात्री दहा वेळा बोलण्यापेक्षा चार दिवसांत थोडं थोडं बोललेलं जास्त टिकतं.

पण बोलायचं कशाबद्दल, अनुभवच नाही तर? निवडपद्धतींवरच्या अनेक दशकांच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: निव्वळ किती वर्षं नोकरी केली, यावरून पुढचं काम कसं होईल याचा अंदाज फारसा बांधता येत नाही. सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत त्याहून कितीतरी भरवशाची ठरते. अशा मुलाखतीत 'अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलंत?' असं विचारतात, आणि अडचण यायला पगार सुरू असावा लागत नाही.

माझी भाची तयारी करत होती. कॉलेजच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं तर म्हणाली, "आम्ही टीमने मिळून काम केलं." मी विचारलं, "तू काय केलंस?" बराच वेळ गप्प राहिली. मग हळूहळू निघालं: सादरीकरणाच्या आदल्या दिवशी दोघांचे आकडे जुळेनात, तिने दोन्ही तक्ते ओळीन् ओळ ताडून पाहिले, एकाने एकक वेगळं धरलं होतं ते सापडलं, आणि त्याला चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन सांगितलं. एवढं सगळं 'टीमने मिळून' या दोन शब्दांखाली गाडलं गेलं होतं! असे तीन-चार प्रसंग खणून काढले, की बहुतेक प्रश्नांना यातला एखादा लागू पडतो.

तिसऱ्या दिवशी ती हे सांगत असताना मी ट्रीअरच्या परीक्षकांसारखी नुसती बघत बसले, मान हलवली नाही. मध्येच ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, एक श्वास घेतला आणि आकडे जुळत नव्हते तिथून पुन्हा सुरुवात केली.