खेळाडू झोपलेला, खेळ चालू

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगातल्या संगणकीय खेळात मासेमारी करायची तर गळ टाकून वाट बघावी लागते. काही लागलं की फ्लोट, म्हणजे दोरीला बांधलेला तरंगता गोळा, बुडतो आणि तेवढ्या क्षणात माउसचं उजवं बटण दाबायचं असतं. गळाला दर वेळी मासाच येतो असं नाही. कधी जुने बूट येतात, तर कधी मंतरलेलं पुस्तक येतं आणि अशा पुस्तकांना खेळात चांगलीच किंमत असते. त्यासाठी खेळाडूंनी एक युक्ती शोधून काढली. पाण्याचा एकच ठोकळा, त्याच्याभोवती झडप आणि तारा, अशी मांडणी की बटण सतत दाबलेलं असलं तरी गळ नेमक्या वेळीच ओढला जावा. मग बटणावर वजन ठेवायचं आणि झोपायला जायचं. सकाळपर्यंत भरपूर माल जमलेला.

२०२० च्या जूनमध्ये आलेल्या १.१६ आवृत्तीत मोजांग कंपनीने यावर उपाय केला. किमती माल हवा असेल तर फ्लोटच्या आसपास ५ ठोकळे लांब, ५ रुंद आणि ४ उंच एवढी जागा मोकळी पाहिजे, फक्त पाणी आणि हवा. झडपांची ती आटोपशीर मांडणी या जागेत बसत नाही. ती अजूनही चालते, पण हाती येतात ते मासे आणि भंगार. कंपनीने कुणावर पाळत ठेवली नाही, कुणाचं खातं बंद केलं नाही आणि नदीकाठी बसून हाताने मासे धरणाऱ्याला तर काही बदललं हे जाणवलंही नाही. आपोआप चालणारा खेळ रोखायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

कुणी झोपेत मासे धरले तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. एकट्याच्या खेळात काहीच बिघडत नाही. हजारो लोक एकाच जगात खेळतात तेव्हा मात्र हिशेब बदलतो. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळात खाणकाम करून खनिज विकता येतं. तिथे सीसीपी या आइसलँडच्या कंपनीने २००९ च्या जूनमध्ये एका मोहिमेत बॉटची, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामची, सुमारे ६,२०० खाती बंद केली. एकूण खात्यांच्या मानाने ती साधारण २ टक्के होती, पण ती गेल्यावर सर्व्हरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकांच्या, प्रोसेसरवरचा भार जवळपास ३० टक्क्यांनी उतरला. बॉट दमत नाही, जेवायला उठत नाही, म्हणून एक बॉट कितीतरी माणसांएवढी जागा अडवतो. शिवाय तो रात्रंदिवस माल बाजारात ओतत राहतो आणि भाव पडतात. दिवसभराची कामं आटोपून तासभर खेळणाऱ्याने मेहनतीने मिळवलेल्या वस्तूला मग कुणी विचारत नाही.

मग बॉट ओळखायचा कसा? सर्व्हरला तुमचा चेहरा दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात त्या फक्त कळा, क्लिक आणि त्यांच्या वेळा. सर्वांत भाबडा उपाय म्हणजे इतकी मिनिटं हालचाल नसेल तर बाहेर काढणं. माइनक्राफ्टच्या खेळाडूंनी त्यावर गोल फिरणाऱ्या पाण्याचं डबकं काढलं. पात्र प्रवाहाबरोबर फिरत राहतं आणि सर्व्हरला वाटतं कुणीतरी चालतंय. हालचाल आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लक्ष ओळखायचं तर हाताकडे बघावं लागतं आणि मला या विषयात सर्वांत गोडी वाटते ती इथे. एक सेकंदाचं अंतर ठेवून क्लिक करत राहा असं माणसाला सांगितलं तर त्याला ते तंतोतंत जमत नाही. अंतरं कमीजास्त होतात आणि त्या कमीजास्त होण्यालाही एक घाट असतो. आलेख काढला तर बरीच अंतरं एका ठिकाणी दाटतात, जलद बाजूला उतार तीव्र असतो आणि संथ बाजूला एक लांब शेपूट निघते. स्नायूंच्या वेगाला मर्यादा आहे, रेंगाळण्याला नाही, म्हणून हा आकार येतो. साध्या ऑटो-क्लिकरचा, म्हणजे आपोआप क्लिक करणाऱ्या प्रोग्रामचा, आलेख एका उभ्या रेषेत उभा राहतो. थोडा हुशार ऑटो-क्लिकर अंतरं मुद्दाम बदलतो, पण ती बहुधा ठरावीक दोन मर्यादांमध्ये सारखी पसरलेली असतात. आलेख सपाट येतो आणि दोन्ही टोकांना कापल्यासारखा थांबतो. असा आलेख माणसाच्या हाताचा नसतो.

माउसचंही तसंच. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिलं की लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका हात तिथे पोहोचायला जास्त वेळ घेतो आणि हा वेळ एका गणिती सूत्रात बसतो. माणसाचा कर्सर झपकन निघतो, लक्ष्याजवळ मंदावतो, कधी थोडा पुढे जाऊन मागे येतो. अनेक बॉट कर्सर थेट ठरलेल्या जागी नेऊन ठेवतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या संशोधकांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळातल्या माणसांच्या आणि बॉटच्या हालचाली अशाच नोंदवल्या आणि न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, शिकवल्या. ९९ टक्क्यांहून अधिक बॉट मिनिटाभरात ओळखता आले आणि त्या प्रयोगात एकाही माणसावर खोटा आळ आला नाही. पुढे २०१६ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी हात बाजूला ठेवून दिनक्रम तपासला. लिनिएज, आयऑन अशा खेळांच्या नोंदी घेऊन एकाच खात्याचा एक काळ त्याच्याच दुसऱ्या काळाशी ताडून पाहिला. माणूस मधेच गप्पा मारतो, बाजारात डोकावतो, वाट चुकतो. बॉटचे सगळे तास एकमेकांसारखे निघतात.

पण प्रयोगातलं यश लाखो लोकांवर लावताना फार जपावं लागतं. समजा, एखाद्या खेळात १० लाख खाती आहेत आणि त्यांतली २० हजार बॉटची. चाचणी ९९ टक्के बॉट पकडते आणि माणसांच्या बाबतीत फक्त १ टक्का चुकते. म्हणजे १९,८०० बॉट सापडले. उरलेल्या ९ लाख ८० हजार माणसांपैकी १ टक्का म्हणजे ९,८०० माणसंही त्यांच्याबरोबर अडकली. बंद केलेल्या दर तीन खात्यांमागे एक निर्दोष! आणि ही माणसं कशीही विखुरलेली नसतात. ज्यांना बोटं नीट हलवता येत नाहीत, जे हनुवटीने बटण दाबतात किंवा एका कळेवर अनेक कृती बांधून खेळतात, त्यांच्या क्लिकचा आलेख सर्वसाधारण हातासारखा दिसणारच नाही. ज्यांना खेळायला आधीच सर्वांत जास्त कष्ट पडतात, त्यांच्यावरच पहिला संशय जातो. हे मला मान्य होत नाही. निव्वळ आलेखावरून, कुणा माणसाने ते खातं डोळ्यांखालून घातल्याशिवाय, कायमची बंदी घालूच नये.

मधेच परीक्षा घेण्याचा मार्गही झाला. २००२ मध्ये रूनस्केप या ऑनलाइन खेळाने थकव्याची पद्धत आणली. काम करता करता पात्र थकायचं, मग त्याला झोपवायचं आणि जागं करण्यासाठी वेड्यावाकड्या अक्षरांतला शब्द टाइप करायचा. शिवाय अचानक एखादं विचित्र पात्र समोर येऊन उभं राहायचं आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर नुकसान व्हायचं. बॉट लिहिणाऱ्यांनी काही काळात त्यांची उत्तरं लिहिली. नियमाने खेळणारे मात्र वर्षानुवर्षं दचकत राहिले आणि जरा लक्ष चुकलं की कमावलेलं गमावत राहिले.

म्हणून माइनक्राफ्टसारखं पुन्हा मोबदल्याकडे यावं लागतं. तिथेही खेळाडूचं मन सांभाळायला हवं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये बाजारात येण्याआधीच्या चाचणीत एक नियम होता. काही वेळ खेळलात की मिळणारे अनुभवाचे गुण निम्मे होणार. लोक चिडले. मग खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने दोन्हींतलं प्रमाण तसंच ठेवलं आणि फक्त मांडणी उलटी केली. विश्रांती घेऊन आलात तर २०० टक्के गुण, नंतर १०० टक्के. तक्रारी थांबल्या, असं खेळाचे प्रमुख रचनाकार रॉब पार्डो यांनी पुढे जाहीर व्याख्यानात सांगितलं. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख माणसाला जास्त होतं. तेच इथे दिसलं. दिवसातून थोडा वेळ खेळणाऱ्याला या बोनसचा पुरेपूर लाभ होतो आणि चोवीस तास चालणाऱ्या बॉटला विश्रांतीचं खातं कधी भरताच येत नाही.

संघाच्या खेळांत मात्र मोबदला आटवून भागत नाही. चौघांच्या तुकडीतला एकजण फोन खाली ठेवून निघून गेला तर उरलेल्या तिघांचा सामना त्याच क्षणी बिघडतो. डोटा २ या दोन संघांच्या खेळात कुणी ५ मिनिटांहून जास्त वेळ संपर्काबाहेर राहिला की त्याने सामना सोडला असं धरतात आणि साथीदारांना दंडाशिवाय बाहेर पडता येतं. राहिलेल्यांची सुटका आधी, हा क्रम मला योग्य वाटतो. पण जो बॉट सामना सोडतच नाही, नुसता इकडेतिकडे धावत राहतो, त्याला हा नियम लागू पडत नाही. तिथे हालचाल मोजून उपयोग नाही, संघाला झालेली मदत मोजावी लागते: शत्रूचं नुकसान किती केलं, पडलेल्या साथीदाराला किती वेळा उठवलं, लढाई सुरू झाली तेव्हा तिच्याकडे गेला की तिच्यापासून दूर. आणि हे मोजतानाही पहिल्यांदाच खेळायला आलेला, अजून बंदूक नीट धरता न येणारा नवखा मुलगा त्या बॉटपासून वेगळा दिसला पाहिजे. एका सामन्यात दोघांची नोंद जवळजवळ सारखी येते, दहा सामन्यांत नवखा सुधारत गेलेला दिसतो. निर्णयाआधी निदान तेवढे सामने त्याला मिळायला हवेत.