बायकांना एकाच वेळी दहा कामं जमतात?

"बाईचा मेंदूच असा घडलाय, की स्वयंपाक, ऑफिस, मुलं, छंद सगळं एकाच वेळी जमतं." महिला दिन जवळ आला की हा फॉरवर्ड फिरतोच. कौतुकाचा आहे, त्यामुळे पटतोही.

पण लक्ष लागणारी दोन कामं मेंदू एकदम करत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. प्रत्येक उडीत थोडा वेळ जातो, चुकाही वाढतात. हे बाई-पुरुष दोघांचंही. प्रयोगांत फरक दिसला तरी किरकोळ, आणि कधी हिच्या बाजूनं, तर कधी त्याच्या.

घरीच करून बघा. मोबाइलवर वेळ लावून आधी 1 ते 10 लिहा, मग क ते ञ. आता 1-क, 2-ख असं आलटूनपालटून लिहा. मजकूर तोच, वेळ मात्र जास्त. नवऱ्यालाही बसवा, भावालाही.

मग ती सगळं सांभाळते कसं? सरावानं, आणि बऱ्याचदा स्वतःचा वेळ देऊन. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी 299 मिनिटं गेली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. पेटीचा रियाज कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला थांबतो, तो इथे.