‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ एकट्यानं खेळायचा गेम कसा झाला

‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ हा हजारो जणांनी इंटरनेटवर एकत्र खेळायचा गेम का आवडतो, असं नियमित खेळणाऱ्याला विचारा. उत्तरात ‘ऑनलाइन’चा विषय बहुधा शेवटी निघतो किंवा निघतच नाही. प्रत्येक क्वेस्ट (कथेतली कामगिरी) देणारं पात्र आवाजासकट बोलतं हे आवडतं, आधीच्या गेममध्ये नुसते उल्लेख असलेले प्रदेश पायी फिरता येतात हे आवडतं, घर सजवता येतं हे आवडतं. आणि कुणाशी एक अक्षरही न बोलता महिनोन्‌महिने खेळता येतं, हे तर फारच आवडतं. इतक्या लोकांनी भरलेल्या सर्व्हरवर आपलं आपण राहण्याची ही मुभा आज गेमची खासियत मानली जाते. ४ एप्रिल २०१४ ला पीसी आणि मॅकवर आलेल्या गेममध्ये ती जवळपास नव्हती. ती नंतर आली, आणि तिचा मोठा हिस्सा ऑक्टोबर २०१६ च्या एकाच अपडेटमधून आला. त्या अपडेटवर आजही भांडणं होतात.

मूळ ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिका म्हणजे टॅम्रिएल नावाच्या काल्पनिक खंडावरचे रोल-प्लेइंग गेम: एक पात्र घ्यायचं आणि खेळता खेळता ते घडवत न्यायचं. १९९४ च्या ‘अरीना’पासून तिचा सगळा डोलारा एका खेळाडूवर उभा होता. अनेकांना एकत्र खेळवायचे प्रयत्न तुरळक झाले: १९९७ च्या ‘बॅटलस्पायर’मध्ये मल्टिप्लेअर होतं, २००४ मध्ये एन-गेज फोनसाठी आलेल्या ‘शॅडोकी’मध्येही होतं. मालिकेच्या चाहत्यांपैकीही फार थोड्यांना ते आठवतं.

ऑनलाइन गेमसाठी २००७ मध्ये वेगळा स्टुडिओ उभा राहिला. पुढच्या सगळ्या घोळाची सुरुवात या सालात आहे. तेव्हा या धंद्यात एकच साचा चालत होता, २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा: लेव्हलप्रमाणे आखलेले प्रदेश, दरमहा शुल्क, शेवटी गटानं करायच्या मोहिमा. स्टुडिओतल्या प्रमुख मंडळींच्या गाठीशी २००१ च्या ‘डार्क एज ऑफ कॅमेलॉट’चा अनुभव होता, त्यामुळे तिथली तीन पक्षांची लढाईही आराखड्यात आली. मग ११ नोव्हेंबर २०११ ला मूळ मालिकेतला ‘स्कायरिम’ आला आणि मालिका माहीत नसलेला प्रचंड वर्ग तिच्याकडे वळला. त्यानंतर सहाच महिन्यांत, मे २०१२ मध्ये, ऑनलाइन गेमची घोषणा झाली. लोकांना ‘स्कायरिम’ मित्रांबरोबर खेळायचा होता. तयार होत होता तो ‘स्कायरिम’च्या आधी आखलेला गेम. पहिल्या प्रात्यक्षिकांमध्ये तर स्वतःच्या हातातली तलवार दिसेल असा फर्स्ट पर्सन कॅमेराही नव्हता. चाहत्यांनी आरडाओरडा केल्यावर २०१३ मध्ये तो दाखवला गेला.

२०१४ चा गेम आठवायचा तर भिंतीच आठवतात. पात्र तयार करताना तीनपैकी एक आघाडी निवडायची: डॅगरफॉल कव्हेनंट, एबनहार्ट पॅक्ट किंवा आल्डमेरी डोमिनियन. निवडली की बाकीच्या दोन आघाड्यांचे प्रदेश बंद. मित्रानं दुसरी आघाडी घेतली असेल तर त्याची गाठ पडायची ती फक्त सिरोडीलच्या रणांगणावर, तीही त्याला मारण्यापुरती. आपल्या आघाडीचे पाच प्रदेश ठरलेल्या क्रमानं संपवायचे, कारण पुढच्या प्रदेशातला खेकडासुद्धा तुम्हाला लोळवायचा आणि मागच्या प्रदेशात मारामारी करून काही मिळायचं नाही. पन्नासावी लेव्हल गाठली की बक्षीस काय, तर व्हेटरन रँक नावाची नवी शिडी. ती चढायची म्हणजे दुसऱ्या आघाडीच्या सगळ्या प्रदेशांतून फिरायचं आणि मग तिसऱ्याच्या. कथेतलं निमित्त असं की शत्रूच्या नजरेतूनही जग पाहून यावं. कल्पना वाईट नव्हती. पण सक्ती झाली की तिचं ओझं होतं, आणि बरेच लोक याच टप्प्यावर गेम सोडून गेले.

त्याहून चमत्कारिक अडचण वेगळीच होती. खेळाडूच्या कृतीनं जग बदललेलं दिसावं म्हणून क्वेस्टच्या टप्प्याप्रमाणे प्रत्येकाला तीच जागा वेगळी दाखवली जायची. ब्लीकरॉक बेटावरचं गाव घ्या. क्वेस्ट पुढे नेलेल्याला तिथे आग दिसते, न नेलेल्याला नांदतं गाव. एकट्यासाठी हे झकास होतं. दोघे मिळून खेळायला बसले, की एकाच चौकात उभे असूनही एकमेकांना दिसायचे नाहीत. जोडीदाराच्या जागी हवेत तरंगणारा बाण तेवढा दिसायचा. एकत्र खेळायला म्हणून बनवलेला गेम एकत्र खेळू पाहणाऱ्यांनाच वेगळं करत होता. मालिकेच्या जुन्या भक्तांची तक्रार तर अगदी साधी होती. पिंपातलं, पेटीतलं, टेबलावरचं काहीही उचला, कुणी हटकायचं नाही. चोरी म्हणून पकडलं जाण्याची भीतीच नसेल तर चोरीत मजा ती काय?

मे २०१४ मध्ये क्रॅगलॉर्न हा नवा प्रदेश फुकट दिला गेला. चौघांच्या गटाशिवाय तिथल्या बहुतेक क्वेस्टना हात लावता येत नव्हता, बारा जणांच्या मोहिमाही तिथेच सुरू झाल्या. सुरुवातीची गर्दी ओसरली, आणि नंतर तिथे गटासाठी चौथा माणूस शोधत ताटकळणं हाच मुख्य उद्योग झाला. ऑनलाइन गेम टिकवायचा तर गटखेळ हवा, या जुन्या गृहीतकाची इथे नीट परीक्षा झाली आणि ते नापास झालं. माझ्या मते पुढच्या सगळ्या बदलांचं मूळ क्रॅगलॉर्नमध्ये आहे, मासिक शुल्कात नाही.

शुल्काची गोष्ट जास्त सांगितली जाते, म्हणून थोडक्यात. गेम ५९.९९ डॉलरला घ्यायचा आणि वर महिन्याला १४.९९ डॉलर भरायचे. त्याच सुमाराच्या इतर बड्या ऑनलाइन गेमनी सक्तीचं शुल्क एक तर सोडलं होतं किंवा त्यापायी मार खाल्ला होता. मार्च २०१५ मध्ये इथेही सक्ती गेली, नावाला ‘टॅम्रिएल अनलिमिटेड’ हे शेपूट लागलं आणि ९ जून २०१५ ला गेम कन्सोलवर आला. त्याच महिन्यांत चोरीला शिक्षा आली: पहारेकरी, डोक्यावरचं बक्षीस, चोरीचा माल घेणारे दुकानदार, तळघरातले अड्डे. खेळाडूंनीच पहारेकरी होऊन दुसऱ्या खेळाडूंना पकडायचं, हा त्या योजनेचा पुढचा भाग होता, तो नंतर गुंडाळण्यात आला. एकट्या खेळाडूच्या वाटेत दुसऱ्या माणसाला आडवं येऊ द्यायचं नाही, हे धोरण तिथे पहिल्यांदा उघड दिसलं.

आता त्या अपडेटकडे वळू. जून २०१६ मध्ये घोषणा झाली आणि १८ ऑक्टोबरला ‘वन टॅम्रिएल’ पीसीवर उतरलं. त्यानं तीन गोष्टी एका फटक्यात केल्या. आघाड्यांच्या भिंती पाडल्या: सिरोडीलची लढाई सोडली तर कुणीही कुठेही जावं आणि कुणाबरोबरही खेळावं. क्रॅगलॉर्नमधल्या बहुतेक क्वेस्ट एकट्याला झेपतील अशा केल्या. आणि सर्व प्रदेशांची लेव्हल एक करून टाकली. वादाचं मूळ हा तिसरा बदल आहे.

त्याची रचना समजून घेतल्याशिवाय भांडण कळत नाही. जगातला प्रत्येक शत्रू एकाच ठरलेल्या ताकदीचा झाला. नवख्या खेळाडूचं पात्र कमकुवत असतं, म्हणून गेम त्याला पडद्याआडून जोर पुरवतो आणि त्या ताकदीच्या जवळ आणून ठेवतो. लेव्हल वाढेल तसा हा उसना जोर कमी होत जातो, आणि त्याची जागा खेळाडूनं स्वतःच्या चिलखतानं, शस्त्रांनी आणि कौशल्यांनी भरायची असते. कागदावर हिशेब बरोबर आहे. प्रत्यक्षात पाचव्या लेव्हलला तीन फटक्यांत मेलेला लांडगा चाळिसाव्या लेव्हलला सहा फटके खातो, कारण खेळाडूच्या अंगावर अजून विसाव्या लेव्हलचं चिलखत असतं. खेळाडू वाढला आणि दुबळा झाला! रोल-प्लेइंग गेम म्हणजे हळूहळू बलवान होणं, असं ज्यांच्या मनात पक्कं आहे त्यांचा राग इथून सुरू होतो, आणि तो अनाठायी नाही.

रागाला मालिकेतलाच जुना संदर्भही आहे. २००६ च्या ‘ओब्लिव्हियन’मध्ये खेळाडूबरोबर शत्रूही वाढत. शेवटीशेवटी रस्त्यावरचे फुटकळ दरोडेखोर राजाला परवडणार नाही असं काचेचं चिलखत घालून चिल्लर मागत आडवे यायचे. त्यावर इतकी टीका झाली की चाहत्यांनी ती रचना बदलणारे मॉड (गेममध्ये बाहेरून केलेले फेरफार) बनवले आणि ‘स्कायरिम’मध्ये तिला आवर घालावा लागला. मग तीच चूक दहा वर्षांनी पुन्हा कशाला, हा प्रश्न २०१६ मध्ये हिरिरीनं विचारला गेला.

पण तुलना तितकी सरळ नाही. ‘ओब्लिव्हियन’मध्ये जग खेळाडूकडे पाहून बदलत होतं. ‘वन टॅम्रिएल’मध्ये जग जागच्या जागी राहतं आणि सगळ्या खेळाडूंना उचलून त्याच्या पातळीवर बसवलं जातं. एकट्याच्या गेममध्ये या फरकाला फारशी किंमत नसती. हजारो माणसं एका नकाशावर असतात तेव्हा सगळं गणितच बदलतं, कारण आदल्या दिवशी गेम सुरू केलेला आणि दोन वर्षं खेळत असलेला एकाच राक्षसापुढे उभे राहतात आणि दोघांचाही उपयोग होतो.

डार्क अँकर नावाची खुल्या जगातली लढाई पाहिली की हे लगेच पटतं. आभाळातून साखळदंड कोसळतात, शत्रूंच्या लाटा येऊ लागतात, आणि एवढा वेळ रिकामा असलेल्या माळावर चारी दिशांनी माणसं घोड्यावरून येऊन धडकतात. ओळखपाळख नाही, गटात यायचं आमंत्रण नाही. ज्यानं थोडाफार हात चालवला त्याला त्याचं स्वतंत्र बक्षीस मिळतं, दुसऱ्याच्या वाट्यातून काही जात नाही. अँकर बंद झाला की मंडळी जशी आली तशी पांगतात. जुन्या रचनेतही अँकर होते, पण तिथे फक्त त्या आघाडीची, त्या लेव्हलच्या आसपासची माणसं यायची. बरेचदा कुणीच यायचं नाही. भिंती पडल्यावर प्रत्येक प्रदेशाला गिऱ्हाईक मिळालं. एकट्यानं खेळणाऱ्याला लागणारी सोबत ही एवढीच असते: प्रवासी गाडीतल्या सहप्रवाशाइतकी.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र आजवर खोडून निघालेला नाही. सगळीकडे सगळ्यांना जाता यावं म्हणून ठरलेली ताकद खालीच ठेवावी लागली, आणि चांगलं चिलखत जमवलेल्या खेळाडूला कथेतला महाखलनायकही दोन वाक्यं पुरी करण्याआधी मरताना पाहावा लागतो. जग बुडवायला निघालेला राक्षस दहा सेकंदांत आडवा झाला तर आधीच्या चार तासांच्या कथेचं काय राहतं? गटमोहिमा कठीण आहेत, पण कथा तिथे नाही. खुल्या जगात कठीण खेळाचा ऐच्छिक पर्याय द्या, ही मागणी तेव्हापासून वर्षानुवर्षं होत राहिली. तिला सहज खेळणाऱ्यांकडून झालेला विरोध मला कधीच नीट समजला नाही. ऐच्छिक गोष्टीनं त्यांचं काय जाणार होतं?

‘वन टॅम्रिएल’नंतरचा गेम म्हणजे त्याच निर्णयाचा विस्तार. फेब्रुवारी २०१७ मध्ये घरं आली, जूनमध्ये ‘मॉरोविंड’ हा पहिला मोठा अध्याय आला, आणि जवळपास दरवर्षी एक याप्रमाणे ‘समरसेट’, ‘एल्सवेअर’, ‘ग्रेमूर’ येत राहिले. लेव्हलचा अडसर नसल्यानं नवा माणूस पहिल्याच दिवशी नव्या अध्यायात जाऊ शकतो. विक्रीला हे सोयीचं, कथेला नाही. बराच काळ नवखा खेळाडू थेट ताज्या अध्यायात टाकला जायचा आणि तिथली पात्रं त्याला जुना मित्र म्हणून मिठी मारायची, ज्यांची ओळख त्यानं अजून खेळलेल्याच नसलेल्या क्वेस्टमध्ये व्हायची होती. २०२१ मध्ये सुरुवातीच्या भागाच्या शेवटी वेगवेगळ्या प्रदेशांत नेणारे दरवाजे ठेवले गेले, तेव्हा निदान निवड हाती आली. २०२१ मध्येच ‘ब्लॅकवुड’बरोबर संगणकानं चालवलेले सोबती आले. म्हणजे गटातला दुसरा माणूसही आता माणूस असायची गरज उरली नाही.

शुल्कसुद्धा मागच्या दारानं परतलं. ऐच्छिक सदस्यांना कच्च्या मालासाठी अमर्याद थैली मिळते, बाकीच्यांची पिशवी पीठ, धागे आणि मुळ्यांनी तासाभरात भरून जाते. सक्ती नाही म्हणतात ते याला.

सिरोडीलच्या वाट्याला मात्र या वर्षांत उपेक्षाच आली. राजधानीभोवतीचे सहा किल्ले आघाडीनं जिंकले की तिच्या गुणांच्या यादीतला पहिला खेळाडू सम्राट होतो, ही २०१४ ची कल्पना अजूनही या प्रकारच्या गेममधल्या उत्तम कल्पनांपैकी आहे. पण आघाडीला बाकी जगात अर्थ उरला नाही, आणि मोठ्या लढायांत सर्व्हर अडखळतो ही तक्रार जवळपास गेमइतकीच जुनी झाली. २०२५ मध्ये ‘व्हेंजन्स’ नावानं चाचण्या झाल्या, त्यांत खेळाडूंची जमवलेली चिलखतं आणि कौशल्यं बाजूला ठेवून सर्वांना सुटसुटीत ठरावीक साचे दिले. सर्व्हरवरचा भार कमी व्हावा म्हणून. ज्यांनी ती चिलखतं जमवायला वर्षं घातली ते खूश नव्हते.

त्याच वर्षी वार्षिक अध्यायांची पद्धत बंद झाली आणि जूनच्या अपडेटनं शेवटची जुनी भिंतही पाडली: पन्नासाव्या लेव्हलच्या पात्राला आपल्या वर्गाच्या (सुरुवातीला निवडलेल्या पात्रप्रकाराच्या) तीनपैकी दोन कौशल्यमाळा काढून त्या जागी दुसऱ्या वर्गांच्या घेता येऊ लागल्या. ‘स्कायरिम’मध्ये वर्गच नव्हते, त्यामुळे मालिकेच्या अंगानं पाहिलं तर हे घरी परतणं होतं. मोहिमा करणाऱ्यांना मात्र काही आठवड्यांतच सगळीकडे एकाच मिश्रणाची पात्रं दिसू लागली. समतोलाचा हा वाद लेव्हलच्या जुन्या वादाचीच पुढची फेरी आहे, आणि यावेळीही स्टुडिओनं भिंत परत बांधलेली नाही.