धारणा, ध्यान, समाधी : हा क्रम कुठून आला?

धारणा, ध्यान, समाधी हे तीन शब्द आपण एका दमात म्हणतो, जणू ते पहिल्यापासून याच ओळीत उभे होते. तसे नव्हते. कठोपनिषदात योग म्हणजे ‘स्थिर इंद्रियधारणा’, पायऱ्या नाहीतच. मैत्री उपनिषदात सहा अंगे आहेत, पण ध्यान आधी आणि धारणा नंतर. शिवाय धारणा आणि समाधी यांच्यामध्ये ‘तर्क’ हे अंग, जे पतंजलींच्या आठ अंगांच्या अष्टांगयोगात उरले नाही. बौद्धांकडे चार ध्याने होती. त्यांतल्या पहिल्यातले वितर्क आणि विचार हे शब्द पतंजलींच्या योगसूत्रांतही समाधीच्या वर्णनात भेटतात. एकाच मातीतल्या साधकांची ही भाषा होती, असे मला वाटते.

पतंजलींनी या शब्दांना जागा नेमून दिल्या. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा. ते ठिकाण कोणते? योगसूत्रांवरचे जुने व्यासभाष्य बोट ठेवून सांगते : नाभिचक्र, हृदयकमळ, नाकाचा शेंडा, जिभेचा शेंडा. तिथेच जाणिवेचा प्रवाह अखंड राहिला की ध्यान. समईत तेल सोडताना धार तुटत नाही, तसा. तेलाच्या धारेची ही उपमा जुनीच आहे. आणि ‘मी ध्यान करतोय’ हे भानही विरून फक्त ध्येय, म्हणजे ध्यानाचा विषय, उजळून राहिले की समाधी. तिन्ही मिळून संयम. पहिली पाच अंगे दुसऱ्या पादात, ही तीन मात्र तिसऱ्यात, कारण ती ‘अंतरंग’. पण लगेच पुढे सूत्रकार बजावतात की निर्बीज समाधीला, जिथे ध्यानाचा विषयही उरत नाही, हीसुद्धा बहिरंगच. मला हे सूत्र फार मोलाचे वाटते.

नाथपंथाने याला काळाचे माप लावले. गोरक्षनाथांच्या नावावरच्या एका श्लोकानुसार पाच घटिका, म्हणजे दोन तास, प्राण स्थिरावला तर धारणा. साठ घटिका, म्हणजे पूर्ण दिवसरात्र, तर ध्यान. बारा दिवस तर समाधी.

गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ या परंपरेतून ही विद्या ज्ञानदेवांकडे आली. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे नाव नाही. ज्ञानेश्वरीत (१२९०) मात्र तिच्या जागृतीचे वर्णन ओवीमागून ओवी चालते, आणि हा ‘नाथसंकेतींचा दंशु’, म्हणजे नाथांच्या संकेतातले मर्म, असल्याचे ज्ञानदेव उघड सांगतात. १२९६ साली आळंदीत त्यांनी समाधी घेतली. कार्तिकात वारकरी ‘समाधीचं दर्शन’ म्हणतो, तेव्हा पतंजलींच्या आठव्या अंगाचे नाव त्या जागेचे झालेले असते.