एलिझाबेथच्या पदरातले गुलाब

१७ नोव्हेंबर हा हंगेरीच्या संत एलिझाबेथचा दिवस. तो आला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: ती गरिबांसाठी चोरून भाकरी नेत होती, संशयी नवऱ्याने पदर उघडायला लावला, आणि आत गुलाब निघाले.

गोष्ट गोड आहे, पण तिच्यापायी एका भल्या माणसावर अन्याय होतो. एलिझाबेथला संतपद देण्याआधी तिच्या दासींच्या साक्षी नोंदवल्या गेल्या. त्यांत हे गुलाब कुठेच नाहीत. ते नंतरच्या कथांतून आले. तिच्याच नात्यातल्या पोर्तुगालच्या राणी इझाबेलबद्दलही हीच कथा सांगतात!

तिचा नवरा, जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांताचा सरदार (लँडग्रेव्ह) लुडविग, तिच्या दानधर्माच्या आड येणारा नव्हताच. १२२६ च्या दुष्काळात तो इटलीत असताना तिने धान्याची कोठारे गरिबांसाठी उघडली. तो परतल्यावर कारभाऱ्यांनी कागाळ्या केल्या, पण त्याने बायकोचीच बाजू घेतली, असे जुनी चरित्रे सांगतात. पुढच्याच वर्षी धर्मयुद्धाला जाताना इटलीतल्या ओत्रांतोला तापाने तो गेला. ती अवघी २० वर्षांची होती.

मग जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये तिने रुग्णालय उभारले. दासी सांगतात, ती स्वतः रोग्यांना न्हाऊ घालायची, त्यांची अंथरुणे घालायची, आणि पोटासाठी मठाची लोकर कातायची. १२३१ मध्ये, २४ व्या वर्षी ती गेली. मला तर त्या गुलाबांपेक्षा तिच्या हातातली ही लोकर कितीतरी मोठी वाटते.